आधी दुरुस्ती, मग मस्ती

जुनी जिप्सी विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात गाडी आधीपासून तयार असते. हातभर उंच उचललेली, मांडीपर्यंत येणारे टायर, पुढे विंच, बाजूने वर चढलेलं स्नॉर्केल, टपावर दिव्यांची पट्टी. प्रत्यक्षात त्याच्यासमोर जी येऊन उभी राहते तिचं एक दार उचलून लावावं लागतं, हूडच्या ताडपत्रीला ठिगळ असतं आणि गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येही अंगात आल्यासारखा घुमत असतो. मालक सांगतो, ‘‘इंजिन एक नंबर आहे.’’

समोरच्या गाडीपासून डोक्यातल्या गाडीपर्यंतचा रस्ता ॲक्सेसरीजच्या दुकानातून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो कुठे नेतो हे पुण्या-नाशिकच्या आणि गोव्यातल्या गॅरेजांत मागच्या बाजूला धूळ खात उभ्या असलेल्या अर्धवट गाड्या बघितल्या की कळतं. विंच बसलेली आहे, पण क्लच घसरतो. टायर कोरेकरकरीत आहेत, पण आतलं बेअरिंग ओरडतंय. दिव्यांची पट्टी डोळे दिपवते, आणि बॅटरी चार्ज होत नाही म्हणून गाडी ढकलून चालू करावी लागते.

जुन्या जीप-जिप्सींच्या या छंदात मुरलेली माणसं कुठलीही असोत, कोल्हापूरची की फोंड्याची, त्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं: आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी करा. ऐकणाऱ्याला हा सल्ला कंटाळवाणा वाटतो. ज्याला गाडी ‘वेगळी’ करायची आहे त्याला ती पूर्वीसारखी करण्यात काय रस? पण माझ्या एका मित्राची जिप्सी पुण्यातल्या एका जुन्या गॅरेजात उघडली गेली, जोडली गेली, ते मी जवळून पाहिलं. आणि त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग, जो सहसा कोणी बोलून दाखवत नाही, तो तिथे उमगला. गाडी पूर्वीसारखी झाली की बदलांच्या यादीतल्या निम्म्या ओळी आपोआप खोडल्या जातात.

पान्याने उघडणारी वंशावळ

जीप ही घाईत जन्मलेली गाडी आहे. १९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी प्रस्ताव मागवले आणि पहिला नमुना उभा करायला फक्त ४९ दिवस दिले. अमेरिकन बॅंटम या छोट्या कंपनीने ते आव्हान पेललं. तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्ड इथे हजर झाली. उत्पादनाचं मोठं काम मात्र विलिस आणि फोर्ड यांना मिळालं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, आणि एकीचा सुटा भाग दुसरीला बसेल अशा बनवल्या. आघाडीवरच्या शिपायाला, चिखलात, हाताशी असलेल्या हत्यारांनी ती दुरुस्त करता यावी हा त्या रचनेचा पाया होता. छंद म्हणून जुनी जीप उघडणारा प्रत्येक जण त्या युद्धकालीन शहाणपणाचा वारसा वापरत असतो.

आपल्याकडे हा वारसा मुंबईमार्गे आला. १९४५ साली पोलादाचा व्यापार करण्यासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. त्याच सुमारास तिने विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी आली. तिचं बॉनेट उंच, कारण त्याखालचं नवं ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. अमेरिकेत ते मॉडेल थांबलं तरी भारतात ते कितीतरी वर्षं बनत राहिलं. तहसीलदाराची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप, वनखात्याची जीप, प्रचाराची कर्णे बांधलेली जीप: ग्रामीण महाराष्ट्राने सत्ता पाहिली ती बरीचशी याच बॉनेटमागे बसलेली. नंतर प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली आणि जीप शेतकऱ्याच्या खिशाला परवडू लागली. तिचे भाऊबंद पश्चिम महाराष्ट्रात वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागले. आसनक्षमता हा कागदावरचा शब्द असतो हे त्यांनी सिद्ध केलं.

जिप्सीचं घराणं वेगळं, जपानी. सुझुकीच्या एसजे मालिकेची लांब चाकांतराची आवृत्ती मारुतीने डिसेंबर १९८५मध्ये बाजारात आणली. तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं, ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९९६मध्ये १,२९८ सीसीचं ६० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन जिप्सी किंग आली. २०००मध्ये सोळा व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन आल्यावर शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. आकडे ऐकून नव्या एसयूव्हीवाल्यांना हसू येईल. पण जिप्सीचं वजन जेमतेम एक टन. चिखलात शक्तीपेक्षा हलकेपणा जास्त कामाला येतो, हे लष्कराने, पोलिसांनी आणि ताडोबातल्या सफारीवाल्यांनी ओळखलं होतं. नवे सुरक्षा नियम आले आणि २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. तेव्हापासून चांगली जिप्सी मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे.

खाली शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे सरळ ॲक्सल, चारी कोपऱ्यांत पाटे, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर बॉक्स. यातलं काहीही लपवलेलं नाही. गाडीखाली सरपटत गेलेल्या माणसाला चाकापर्यंत ताकद कशी पोचते ते बोटाने दाखवता येतं.

हातोडी, लोहचुंबक आणि आरसी बुक

गाडी पाहायला जाताना तीन गोष्टी न्याव्यात: लहान हातोडी, लोहचुंबक आणि टॉर्च. इंजिनाचा आवाज शेवटी ऐकावा. इंजिन बिघडलेलं असेल तर ते बांधून देणारे हात अजून आहेत. चेसिस सडलेली असेल तर तिच्यावर काहीही उभं राहत नाही.

जिप्सीची चेसिस पोकळ चौकोनी नळीची असते. चाकांनी उडवलेला चिखल भोकांतून आत जातो, तिथेच बसतो आणि पावसाळ्यामागून पावसाळे ओल धरून ठेवतो. बाहेरून काळा रंग तुकतुकीत, आतून पापुद्रे. हातोडीने ठोकत गेलं की चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चेसिसला बसतात ती जागा आणि बॉडी जिथे टेकते ते कंस, इथे जास्त वेळ द्यायचा. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ. खाऱ्या हवेला घाई नसते, पण ती सुट्टीही घेत नाही.

लोहचुंबक बॉडीसाठी. दाराच्या खालच्या कडेला, चाकांवरच्या कमानींना आणि मागच्या फ्लोअरच्या कडांना तो फिरवायचा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. किडलेल्या दाढेला वरून चांदी भरावी आणि आत कीड तशीच चालू राहावी, तसा हा प्रकार असतो. लांबी असणं गुन्हा नाही; किती आणि कशावर हा प्रश्न आहे.

या सगळ्याच्या आधी कागद. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. लष्कराने निकालात काढलेली वाहनं लिलावात विकली जातात, हल्ली बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन. ‘मिलिटरी ऑक्शनची गाडी’ असं विक्रेता अभिमानाने सांगतो. आपण विचारायचं की नागरी नोंदणी झाली आहे का. झाली नसेल तर आपण गाडी नाही, सुटे भाग विकत घेतोय असं समजून किंमत करायची. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या बऱ्याच गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इकडे आल्या. त्यांत चांगल्या सापडतात, पण नोंदणीचं उरलेलं आयुष्य तपासूनच. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं; महाराष्ट्रात शिवाय पर्यावरण कर. या छंदाचं बजेट मांडताना हा खर्च पहिल्या ओळीत लिहावा.

चाक वर घ्या, साहेब

मित्राच्या जिप्सीचा मुख्य आजार असा की साठच्या आसपास वेग गेला आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थडथडायला लागायचं. वेग पार उतरवला तरच थांबायचं. त्याने अभ्यास केला होता. स्टिअरिंग डॅम्पर टाकायचा, रुंद टायर घालायचे, जमल्यास पॉवर स्टिअरिंग बसवायचं, अशी त्याची तयारी होती.

गॅरेजातल्या उस्तादांनी यादी ऐकून घेतली. ‘‘टाकू की,’’ ते म्हणाले. ‘‘आधी चाक वर घ्या, साहेब.’’

पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन उस्तादांनी चाकाला वर-खाली धरून हलवलं. चाक हललं. पोरग्याला ब्रेक दाबून धरायला लावला, म्हणजे हब आणि चाक एकजीव झालं, आणि पुन्हा हलवलं. तरी हललं. म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये नाही, त्याच्या मागे आहे: किंगपिनमध्ये. जिप्सीचं पुढचं चाक ज्या गोळ्याभोवती वळतं त्याच्या वर आणि खाली एकेक लहान बेअरिंग असतं. त्यांवर किती दाब हवा ते पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालून-काढून ठरवतात. सील फाटलं की पाणी आत जातं, बेअरिंग गंजतं, दाब जातो आणि चाक आपल्या मर्जीने डुलू लागतं. डॅम्पर लावला असता तर थडथड काही काळ दबली असती आणि बेअरिंग आतल्या आत भुगा होत राहिलं असतं.

शिम बरोबर पडले की नाही हे पाहण्याची रीत बघण्यासारखी आहे. टायरॉड सोडवायचा, सील काढून ठेवायचं, वळणाऱ्या भागाच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि ओढायचं. किती किलोला तो हलायला लागतो ते वाचायचं. हलका गेला तर एक शिम कमी, जड गेला तर एक जास्त. ना संगणक, ना सेन्सर. काटा, आणि तो वाचायचा धीर.

हे झालं, पाट्यांचे बुश बदलले, टायरॉडचे एंड बदलले, स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा काढला. थडथड गेली. पुढे टायरांत नेमून दिलेली हवा भरल्यावर स्टिअरिंग एवढं हलकं झालं की पॉवर स्टिअरिंगचा विषय मित्राने पुन्हा काढला नाही.

असंच बाकीचं. ‘गाडी चढत नाही, इंजिन मोठं टाकावं’ हा दुसरा लोकप्रिय निष्कर्ष. आधी कॉम्प्रेशन मोजायचं. चारी सिलिंडरचे आकडे जवळजवळ असले तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. एक सिलिंडर मागे पडला तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. हाफ इंजिनचं काम लागतं की फुल, हे इतक्या साध्या परीक्षेत कळतं. पुष्कळदा इंजिन निर्दोष निघतं: तुंबलेला रेडिएटर, ताणलेली क्लच केबल, पकडून राहिलेले ब्रेक. मागचा ड्रम हाताला चटका देत असेल तर गाडी आपलीच ताकद आपल्यावर खर्च करते आहे.

फोर-व्हील-ड्राइव्हची तक्रारही अशीच. ‘फोर बाय फोर लागत नाही’ म्हणून ट्रान्सफर बॉक्स उतरवायला निघालेल्यांनी आधी पुढच्या हबकडे बघावं. अनेक जिप्सींना पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवायची कळ असते. ती ‘लॉक’वर नसेल तर दांडा हवा तसा ओढला तरी पुढची चाकं नुसती ओढत येतात. उलट चूकही तितकीच महाग. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब मिटवतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग सगळा ताण गिअरांवर आणि यूजे क्रॉसवर येतो. फोर-व्हील लावून एक्सप्रेसवेवर मिरवणाऱ्या गाडीचा पुढचा मुक्काम गॅरेजच असतो.

आटे, टाके आणि कुर्ल्याची वारी

जुन्या गाडीचं अर्धं काम नट उघडण्याचं आहे. वीस वर्षं चिखल खाल्लेला बोल्ट पान्याला दाद देत नाही. जोर लावला तर नटाचे कोपरे जातात, आणखी जोर लावला तर बोल्ट तुटून आत राहतो. अनुभवी हात आदल्या संध्याकाळी गंजतेल सोडतात, दुसऱ्या दिवशी नट तापवतात आणि सोडवायच्या आधी किंचित आवळतात. आवळल्याने गंजाची पकड मोडते. आटे गेलेच तर टॅप मारून नवे पाडायचे, आणि परत बसवताना ग्रीस लावायचं, कारण पुढच्या वेळी तो बोल्ट उघडणारेही आपणच असतो.

पत्र्याचं काम सर्वांत वेळखाऊ. फ्लोअरचा पत्रा पातळ. साध्या आर्क वेल्डिंगने तो जळून भोक पडतं, म्हणून गॅसचं आवरण असलेलं मिग वेल्डिंग लागतं आणि तेही सलग ओढायचं नसतं. इथे एक टाका, तिकडे एक टाका, थंड होऊ द्यायचं, मग मधली जागा. सलग ओढलं की पत्रा तापून वाकतो. इंजेक्शनवाली गाडी असेल तर वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवायची, नाहीतर ईसीयूवर संकट. पेट्रोलची टाकी उतरवायची हे सांगायला नको, पण गॅरेजांत ते सांगावंच लागतं. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढायचा. गंजावर ठिगळ चढवलं तर वेल्डिंगच्या कडेने वर्षभरात नवी रेघ उमटते. कामानंतर बंद पोकळ्यांत मेण किंवा तेलाचा फवारा मारायचा. आपल्याकडची जुनी रीत जळक्या ऑइलची. दिसायला ओंगळ, रस्त्यावर गळणारी. मेणाने तेच काम स्वच्छ होतं.

भाग मिळवणं हा छंदातला छंद. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पुण्यात जुन्या बाजारात नशीब काढता येतं. दिल्लीत काश्मिरी गेटला नवे भाग, मायापुरीत भंगारातले. पश्चिम बंगालातलं पानागढ लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ओळखलं जातं. आणि हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीने तर सुट्या भागांतून अख्ख्या उघड्या जीप बांधण्याचा व्यवसायच उभा केला. गुळगुळीत रंगवलेली डबवालीची जीप समोर आली की इंजिन कोणाचं, चेसिस कोणाची आणि कागद कोणाचे, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

आणि जे कुठेच मिळत नाही ते लेथवर बनतं. मित्राच्या गाडीचं एक बुशिंग पेठेतल्या एका टर्नरने पितळेच्या गजातून काढून दिलं. माप घेताना त्याने व्हर्नियर वापरलं आणि शेवटचा हात बोटाने फिरवून मारला. या छंदाचा खरा पाठीचा कणा म्हणजे हे लोक: टर्नर, पाटे ठोकणारा, रेडिएटर झाळणारा, हूड शिवणारा. जाहिराती नाहीत, पाट्याही नाहीत. शहराच्या मध्यातल्या जागा महाग झाल्या तसे ते एकेक करून बाहेर सरकत आहेत किंवा बंद होत आहेत.

एका बदलाचे चार हिशेब

इथपर्यंत आलेल्या गाडीत बदल करायला हरकत नाही. फक्त कारखान्यात ठरवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी बांधलेली असते, हे ध्यानात ठेवायचं.

टायर घ्या. जिप्सी किंगचे मूळ टायर २०५/७० आर१५. व्यास काढला तर सुमारे ६६८ मिलिमीटर. हौशी लोकांचा आवडता मोठा टायर २३५/७५ आर१५, व्यास सुमारे ७३४. फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा. फायदा व्यासाच्या निम्मा, म्हणजे ॲक्सलखाली सव्वा इंचाच्या आसपास जास्त मोकळी जागा. आता तोटे मोजू. चाकाची प्रत्येक फेरी दहा टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे सगळे गिअर तेवढे ‘उंच’ झाले. ज्या चढावर आधी दुसरा गिअर पुरायचा तिथे पहिला लागतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने धावत असते. चाक जड झालं, म्हणून ब्रेक आणि बेअरिंग जास्त राबतात. पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला किंवा बॉडीला घासतो, म्हणून गाडी उचलावी लागते. सव्वा इंचासाठी एवढं. काहींना ते पटतं, आणि खडकाळ वाटांवर ते पटण्यासारखंही आहे.

गाडी उचलण्याबद्दलचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. लांब शॅकल लावा, पाटे वाढवा, किंवा ॲक्सलखाली असलेले पाटे ॲक्सलच्या वर आणा. शेवटच्या प्रकारात बॉडी चार-पाच इंच वर जाते. पण ॲक्सल होता तिथेच राहतो. दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो उचलायचा एकच उपाय म्हणजे मोठा टायर. लिफ्टने उतरताना-चढताना नाक आणि शेपूट वाचते, पोट वाचते. बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, आणि स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्याने खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहतं. मग तो दांडा बदला, शाफ्ट बदला. दीड मीटर रुंदीची गाडी बाजूच्या उतारावर किती उंच परवडते, याचा विचार आडवी झाल्यावर करून उपयोग नसतो.

उंचीपेक्षा जास्त उपयोगी काय? एक, लवचीकपणा. मऊ पाटे आणि निरोगी बुश असले की खड्ड्यातलं चाक खाली पोचतं आणि जमीन सोडत नाही. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला कमी विरोध तेच चाक फिरवतं. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं अधांतरी झाली की तीच भिंगरीसारखी फिरतात आणि जमिनीवरची दोन गप्प बसतात. यावर डिफ-लॉक हा पक्का उपाय. डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून टाकणं हा स्वस्तातला जुगाड. पण रस्त्यावर वळताना दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरावं लागतं, म्हणून टायर घासतात, शाफ्ट तुटतात आणि ओल्या घाटात मागची बाजू दगा देते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत तो करू नये.

दोन, हवा. रेतीत किंवा चिखलात टायरमधली हवा पंधरा पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांबतो, आणि जी गाडी रुतत होती ती चालू लागते. वेग कमी ठेवायचा, डांबर लागलं की परत भरायची. गेज आणि लहान कॉम्प्रेसर एवढाच खर्च.

तीन, ओढून काढायची सोय. चेसिसला नीट बोल्ट केलेले हुक पुढे आणि मागे, चांगला पट्टा, शॅकल. ट्रेलरचा गोळा ओढण्याच्या झटक्यासाठी केलेला नसतो. तो निखळला तर गोळीसारखा सुटतो. विंच एकट्याने भटकणाऱ्याला हवी. दोन-तीन गाड्या सोबत असल्या की पट्टा पुरतो.

कायद्याची उंची

बदलांवर कायद्याचं लक्ष आहे, आणि हौशी मंडळी त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये मालकासाठी शिक्षा आली: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी. रंग बदलता येतो, पण तो आरसीवर नोंदवून. पुढे लोखंडी बुलबार लावण्यावर केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये बंदी आणली; धडकेत तो बार पादचाऱ्याला आणि गाडीतल्या माणसालाही घातक ठरतो. आणि लष्करी हिरवा रंग, ज्याच्या मोहात निम्मे जिप्सीवाले पडतात, तो मोटार वाहन नियम १२१प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

यावर या क्षेत्रातल्यांचं म्हणणं असं की परदेशांत जशी बदल केलेली गाडी तपासून प्रमाणित करून घेता येते तशी सोय इथेही हवी. मागणी रास्त आहे. पण कायद्याची भीतीही अगदीच अनाठायी नाही. वेल्ड केलेलं डिफरन्शियल, पाच इंच उचललेली बॉडी आणि मूळचेच ब्रेक असलेली गाडी बोरघाटातून शनिवारी रात्री उतरते, तेव्हा धोका फक्त तिच्या मालकाचा नसतो. ज्यांना टोकाचे बदल करायचे आहेत त्यांनी ती गाडी स्पर्धेसाठीच ठेवावी आणि ट्रेलरवर न्यावी. गोव्यात २०१४पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या की बंदिस्त जागेत काय काय करता येतं ते कळतं. बाहेरून पिंजरा, आतून शेवटचा बोल्टसुद्धा नवा.

गाडी कुठे घालायची, हा जागेचा प्रश्न कायद्याहून जुना आहे. सह्याद्रीतले सडे उघडे, सपाट दिसतात म्हणून मोकळे वाटतात. जांभ्यावरचा मातीचा थर मात्र बोटभर असतो, आणि पावसाळ्यात त्यावर फुलणाऱ्या वनस्पती टायरखाली जातात. कास पठार २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच्यासारखे पण यादीत नसलेले कितीतरी सडे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आहेत. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणारे भरतीत रुततात तेव्हा बातमी होते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी चिरडली गेली तर होत नाही. इगतपुरीजवळची अशा गाड्या चालवण्याच्या प्रशिक्षणाची जागा, परवानगी दिलेली खासगी शेतं, गावात जाणारे कच्चे रस्ते, एवढ्यात छंद भागतो. न भागल्यास छंद तपासावा.

उरलेली यादी

मित्राच्या गाडीत शेवटी बदल म्हणून काय राहिलं? पुढे-मागे हुक, चांगले सीटबेल्ट, सीटखाली कॉम्प्रेसर, मूळ मापातलेच पण खोल नक्षीचे टायर. बाकी सगळा पैसा न दिसणाऱ्या जागी गेला: शिम, सील, बुश, ब्रेकच्या नळ्या, फ्लोअरचा पत्रा. पार्किंगमध्ये ती कोणाचं लक्ष वेधत नाही. पावसात मुळशीकडच्या लाल मातीच्या चढावर मात्र ती न थांबता वर जाते, आणि मागून येणाऱ्या सजवलेल्या गाडीला कधी कधी तिचाच पट्टा लागतो.

जिप्सीची धाकटी वंशज जिम्नी २०२३मध्ये भारतात आली. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग, सहा एअरबॅग, फिरणाऱ्या चाकाला आपण होऊन ब्रेक लावणारी प्रणाली. कितीतरी सुरक्षित, कितीतरी सोपी. ती वीस वर्षांची होईल तेव्हा तिचं दुखणं हातोडीने ठोकून किंवा काट्याने ओढून कळणार नाही. लॅपटॉप लागेल, आणि त्यातला प्रोग्रॅम निर्मात्याने उघडा ठेवला असला तर. म्हणून जुन्या गाडीच्या छंदात उतरणाऱ्याला माझं सांगणं खर्चाच्या क्रमाबद्दल आहे. पहिला पैसा कुठल्याही वस्तूवर घालू नका. सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, उस्तादांच्या शेजारी पाटावर बसा, पाना त्यांच्या हातात द्या आणि थोड्या दिवसांनी त्यांच्याकडून मागून घ्या. किंगपिनचा शिम कसा ठरवतात हे जाणणारी माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. गाड्यांचे भाग अजून काही वर्षं बाजारात मिळत राहतील. ही माणसं मात्र कुठल्याही बाजारात मिळायची नाहीत.